श्वास न घेणारी अकरा पेडलं

लाइपझिगहून परत आलेलं खोकं मी दाराशीच फाडलं. आत आमची अकरा पेडलं, प्रत्येक बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये बाळासारखं गुंडाळलेलं, आणि वर एक पत्र. पत्र इतकं गोड की त्याला मुंग्या लागाव्यात. आमच्या हस्तकौशल्याबद्दल त्यांना अतिशय आदर होता. बैरूतच्या परिस्थितीची त्यांना जाणीव होती. फक्त एकच अडचण होती, ही पेडलं श्वास घेत नव्हती.

श्वास घेत नाहीत! आमच्या पेडलचं नावच मुळी ‘नफस’, म्हणजे श्वास. वाद्याची वायर या बाजूने आत घालायची, त्या बाजूने स्पीकरला जोडायची. मधल्या, पायाने दाबायच्या लोखंडी डबीत एक फिल्टर असतो. सुरातला धारदार भाग किती सोडायचा आणि किती अडवायचा, ते तो ठरवतो. असे फिल्टर जगात हजारो लोक बनवतात. आमचा एका जागी स्थिर राहत नाही, इतकाच फरक. जरा उघडतो, जरा मिटतो, पुन्हा उघडतो, आणि त्यात ठरलेला ताल नसतो. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होते ना, तसं. त्यासाठी तर कॉम्प्युटरवर संगीत करणारी पोरं शहराच्या त्या टोकाकडून आमच्या बुर्ज हम्मूद वस्तीत येतात, गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून शिव्या घालत येतात, पण येतात.

सर्किट माझ्या बाबांचं. बाबा म्हणजे मिहरान; चाळीस वर्षं याच दुकानात रेडिओ दुरुस्त करत होते, अख्खी गल्ली त्यांना उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणते. सोल्डरिंग मी करते, डब्या रंगवते, बाहेरच्या देशांतल्या दुकानांशी बोलते, पार्सलं पाठवते. शेवटचं काम मात्र बाबांचं. रोज सकाळी नऊ ते बारा ते एकेक पेडल कानाने ऐकायचे, आतला बारीक स्क्रू फिरवून सूर बसवायचे, पटलं की झाकणाच्या आत लाल पेनाने तारीख घालून सही करायचे. सही नसलेलं पेडल दुकानाबाहेर जायचं नाही. ही आमच्याकडची रीत.

तर त्या दिवशी बारा वाजले आणि सरकारी वीज आली. सरकारी वीज आमच्याकडे दिवसातून दोन तास. उरलेले बावीस तास गल्लीला वीज विकणाऱ्या जिरायरचा मागच्या रिकाम्या जागेतला जनरेटर. त्या दोन तासांत दुकान कोणी चालवत नाही; सगळी गल्ली धुणं लावते, पाणी तापवते, इस्त्री करते. मलाही घरी जाऊन मशीन लावायचं होतं. पण डोकं इतकं तापलं होतं की मी एसी लावला आणि पहिलं पेडल टेबलावर घेतलं.

मेलेलं. दुसरं घेतलं, तेही मेलेलं. खुंटी फिरवली की फिल्टर उघडायचा, उलटी फिरवली की मिटायचा, एखाद्या आज्ञाधारक कारकुनासारखा. आपणहून काही नाही. अकराच्या अकरा तशीच. आणि अकराच्या अकरा झाकणांच्या आत लाल सही.

तोपर्यंत मी जर्मन लोकांना मनातल्या मनात सोलून काढत होते. आता ते सगळं उलटून घरावर आलं.

बाबा आत आले तेव्हा शेजारचा सोनार हरांत कॉफीचा कप घेऊन दारातच टेकला होता. त्याच्यासमोर बोलायला नको होतं. मी बोलले.

“बाबा, हे तुम्ही ऐकलं होतंत?”

“ऐकलं की. सही दिसत नाही का?”

“सही दिसतेय! आवाज कुठाय? अकराच्या अकरा मेलीत. घ्या, वाजवून बघा.”

बाबांनी एक पेडल जोडलं, खुंटी हळूच फिरवली, उजवा कान स्पीकरकडे केला. बैरूतच्या बंदरात तो मोठा स्फोट झाला त्या दिवशी ते दुकानाच्या काचेपाशी उभे होते, डावा कान तेव्हाच गेला. उजवा चांगला आहे असं डॉक्टर म्हणाला होता. बाबांनी थोडं ऐकलं, मग एकदा वर दिव्याकडे बघितलं, एसीकडे बघितलं आणि पेडल खाली ठेवलं.

“आत्ता नाही वाजणार ते. संध्याकाळी बघ.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “संध्याकाळी? का, आत्ता मुहूर्त चांगला नाही? पाद्रीच बोलावू का? बाबा, ही पेडलं तिकडे लोकांनी विकत घेतली, वाजवली आणि परत केली! वर्षभर मी त्या दुकानाच्या मागे लागले होते. आणि तुम्ही म्हणता संध्याकाळी बघ!”

“आवाज खाली कर, तालार.”

“का करू? तुम्हाला खालचा ऐकू येतो का? तुम्हाला ऐकू येत नाही बाबा! एक कान गेला, दुसराही चाललाय. सगळ्या गल्लीला माहीत आहे, फक्त तुमच्या तोंडावर सांगायची कोणाची हिंमत नाही. बहिरा माणूस सूर लावतोय आणि आम्ही जगभर पाठवतोय!”

हरांतने कपात बघायला सुरुवात केली. बाबांनी लाल पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी हरांतच्या दुकानात सोंगट्या खेळताना दिसले. माझ्याकडे बघितलं, पण मी ओळखीची नसल्यासारखं.

मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कधीतरी हे व्हायचंच होतं. त्याच तिरीमिरीत मी लाइपझिगला टिलमानला लिहिलं. टिलमान त्या दुकानाचा मालक. लिहिलं की माझे वडील म्हातारे आहेत, स्फोटात त्यांचे कान गेले, हे त्यांना सांगायचं आमचं धाडस झालं नाही, चूक आमची. यापुढे प्रत्येक पेडल मी स्वतः यंत्रावर तपासून पाठवीन. पत्र लिहून झालं आणि फार मोकळं वाटलं. आपण किती खरं बोलतो, असं वाटलं.

पुढचे तीन आठवडे सकाळी नऊ ते बारा बाबांच्या खुर्चीत मी बसले. लहरी दाखवणारं एक जुनं यंत्र मागून आणलं, हिरवी रेघ बघत बघत स्क्रू फिरवले. माझ्या हातची सगळी पेडलं मस्त श्वास घेत होती. एकदोनदा हरांतच्या दुकानाकडे दार उघडं टाकून मी मुद्दाम मोठ्याने वाजवली. ऐका म्हणावं. वीस पेडलं तयार झाली, सहीच्या जागी मी माझं नाव घातलं आणि खोकी बांधून ठेवली.

मग एका सकाळी हनीन आली. हनीन बुझुक वाजवते, ती लांब मानेची तंतुवाद्यं असतात ना त्यातलं, आणि ते आमच्या पेडलमधून असं काही काढते की ऐकणाऱ्याला कळत नाही तार वाजतेय की कोणी बाई हुंकार देतेय. ती आमची पहिली गिऱ्हाईक. आल्या आल्या ती माझ्या गळ्यात पडली.

“तालार, राणी, मी वाचलं गं. काल रात्री वाचलं आणि इतकी रडले! मला आधी का नाही सांगितलंस?”

“काय वाचलंस?”

तिने फोन पुढे केला. टिलमानच्या दुकानाचं पान. बाबांचा फोटो, मीच कधीतरी पाठवलेला, कामाच्या टेबलावर वाकलेले. खाली मोठ्या अक्षरांत: ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही असा उस्ताद. मग स्फोट, मग बहिरेपण, मग हातांच्या बोटांना आठवणारे सूर, असलं काय काय. माझ्या पत्रातली तीन वाक्यं जशीच्या तशी, अवतरणात, माझ्या नावानिशी. त्याखाली लोकांच्या प्रतिक्रिया. कोणी रडलं होतं. कोणी मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं. एकाने विचारलं होतं की बहिऱ्या उस्तादाने स्वतः सही केलेली, तीच सदोष पेडलं मिळतील का.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी मस्तकात गेली आणि तिथेच राहिली. मी काय लिहिलं होतं आणि त्यांनी काय करून ठेवलं होतं! पण वाक्यं माझीच होती. तेही दिसत होतं.

“हे राहू दे,” मी म्हणाले. “तू कशाला आली होतीस?”

“अगं, तेच तर.” तिने पिशवीतून आपलं जुनं पेडल काढलं. “मागे तुला फोन केला होता ना, तू माझ्यावर खेकसलीस. हे बंद पडलंय. म्हणजे चालतं, पण जीव नाही त्यात. गच्चीवर सूर्याच्या विजेच्या पाट्या बसवल्या आम्ही, त्या महिन्यापासून.”

आठवलं. पाट्यांचा आणि पेडलचा काय संबंध, वाद्य नीट वाजवायला शीक, असं मी तिला सुनावलं होतं.

पेडल टेबलावर जोडलं. हनीनने एक तार छेडली. फिल्टर उघडला, मिटला, थोडा थांबला, पुन्हा उघडला. अगदी पहिल्या दिवसासारखं.

“अय्या!” हनीन म्हणाली. “तुझ्याकडे बरं जिवंत होतं! माझ्याशी काय वैर आहे याचं?”

“तुला वाजवता येत नाही, दुसरं काय.”

“गप गं. परवा मी वाजवलं तेव्हा इतकं सपाट होतं की...”

आणि तेवढ्यात बारा वाजले. भिंतीमागे जिरायरचा जनरेटर खोकला आणि थांबला. दिवा एकदा मिटून लख्ख लागला. तार अजून वाजत होती. तार वाजत होती आणि फिल्टर मधल्या मध्ये थबकला. सरळ रेघ. श्वास गेला.

आम्ही दोघी त्या डबीकडे बघत राहिलो. हनीनने पुन्हा तार छेडली. सपाट. पुन्हा छेडली. सपाट.

मी मागच्या खोलीत गेले, बांधलेलं एक खोकं फाडलं, माझ्या सहीचं पेडल आणून जोडलं. मेलेलं. दुसरं, मेलेलं. सरकारी वीज सरळ होती, एकसारखी, जशी लाइपझिगची असते, जशी हनीनच्या पाट्यांची असते. श्वास पेडलमध्ये नव्हताच. श्वास भिंतीपलीकडच्या त्या डबड्याचा होता. वरच्या पार्लरवाल्या बाईने केस वाळवायचं यंत्र लावलं की तो धापा टाकतो, समोरच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली की दबतो, थांबली की उसळतो. तेच आमच्या पेडलमध्ये शिरत होतं. वीज स्थिर करणारा जो छोटा भाग प्रत्येक सर्किटमध्ये असतो, तो आमच्या सर्किटमध्ये नाही. तो मी कधीच बसवला नव्हता, कारण बाबांनी काढलेल्या नकाशात तो नव्हता. आणि का नाही, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. देशातल्या बँका बुडाल्यापासून बाजारात निम्मे भाग मिळत नाहीत, सगळे काही ना काही वगळूनच काम करतात. त्यातलंच हे, असं मी धरून चालले होते.

हनीन काहीतरी बोलत होती. मी टिलमानला फोन लावला.

“ते पान काढून टाका,” मी म्हणाले. “माझ्या वडिलांचे कान ठीक आहेत. दोष विजेत होता.”

टिलमानने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. तो मनुष्य वाईट नाही, त्याचाच जास्त राग येतो. “किती छान,” तो म्हणाला. “वडिलांची तब्येत चांगली आहे हे ऐकून आनंद झाला. पण तालार, लोक त्या गोष्टीशी फार जोडले गेले आहेत. थोडे दिवस राहू दे ना.”

“थोडे दिवस? जिवंत माणसाचं श्राद्ध घातलंय तुम्ही!”

“पण लिहिलं तर तुम्हीच होतं,” तो म्हणाला, अजूनही शांतपणे. “हवं तर तुम्ही नवं काहीतरी लिहून पाठवा, मी त्याच जागी लावीन. फक्त एक, लोक विचारतील की उस्तादांची चूक नव्हती, तर मग कोणाची होती? तेही लिहा.”

मी फोन ठेवला आणि शेजारी हरांतच्या दुकानात गेले. बाबा सोंगट्यांच्या पटावर वाकले होते. हरांतने मला बघून फासे मुठीतच धरून ठेवले.

“बाबा, तुमचे कान बरोबर होते,” मी म्हणाले. “जनरेटर होता तो. सरकारी वीज आली की श्वास बंद होतो. मला आत्ता कळलं.”

“आत्ता कळलं,” बाबा म्हणाले. पटावरून नजर काढली नाही. “छान. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

“संध्याकाळी बघ म्हणालो. तू पाद्री शोधत बसलीस.”

हरांतच्या मिशा हलल्या. मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो उठून कॉफी करायला गेला.

“आणि वीज स्थिर करणारा भाग? तो मिळत नाही म्हणून वगळला होता ना?”

“मिळत नाही म्हणून!” आता बाबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मला वाटलं, नसतं बघितलं तर बरं. “माझ्या खणात साठ पडलेत. चाळीस वर्षं मी लोकांच्या रेडिओतली घरघर काढत आलो, बये, घरघर आत कशी येते ते मला नाही ठाऊक? ती तुझी हनीन आली होती, म्हणाली, उस्ता, आवाज स्वच्छ आहे पण कुठलाच नाही, जगात कुठेही बसून केल्यासारखा वाटतो. म्हटलं, थांब. तो भाग काढला. दार उघडं ठेवलं. म्हटलं घ्या ही बुर्ज हम्मूदची हवा. आणि मग रोज जनरेटरवर बसून तो श्वास लावत होतो, एकेकाचा. इथल्या लोकांसाठी. तू जर्मनीची खोकी बांधत होतीस तेव्हाही सांगायला आलो, हे तिकडे नाही चालायचं. तू फोनवर होतीस. हात केलास मला, थांबा म्हणून. मी थांबलो.”

केला होता हात. मला तो हात आठवला, माझाच.

“पण मग मला का नाही कळलं?” मी म्हणाले. “मी रोज त्याच टेबलावर असते. आवाजाचाच धंदा करते मी.”

“कारण तुला जनरेटर ऐकू येत नाही. जन्मल्यापासून तो चालू आहे, तुला वाटतं तीच शांतता. बंद पडला की दचकतेस. मी या गल्लीत वीज न बोलता यायची ते दिवस बघितलेत, म्हणून मला तो दिवसभर ऐकू येतो. रात्री पण येतो. एकाच कानाने येतो, पण येतो.”

मी पटावरची एक सोंगटी उचलली आणि परत ठेवली.

“आणि ऐक,” बाबा म्हणाले, आता त्यांचा आवाज खरंच चढला होता, दुकानाच्या काचा वाजतील असा. “मला बहिरा म्हणालीस त्याचा राग नाही. घरात म्हण, हरांतसमोर म्हण, गल्लीत ओरड. ते आपलं आपल्यात. पण तू परक्या लोकांना लिहून कळवलंस. हरांतच्या सुनेने मला सगळं वाचून दाखवलंय, दोन आठवडे झाले. कोण कुठली माणसं माझ्यासाठी मेणबत्त्या लावतायत! मी काय मेलोय? तू तीन आठवडे माझ्या खुर्चीत बसलीस, एकदाही माझ्याकडे येऊन विचारलं नाहीस, बाबा, खरंच ऐकू येत नाही का. एकदा! यंत्र मागून आणलंस. मला नाही विचारलंस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाही संताप आला, कारण रडून सुटायचं नव्हतं मला. टिलमान काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलं. नवं लिहून द्यावं लागेल, आणि चूक कोणाची तेही.

“मग लिही. इथेच बस.”

मी हरांतच्या काउंटरवर फोन ठेवून लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं की तांत्रिक गैरसमज झाला होता. बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं आणि पटावर फासे आपटले. खोडलं. मग लिहिलं की आमच्या कार्यशाळेत विजेचा एक प्रश्न होता. तेही खोडायला लावलं. शेवटी लिहिलं: माझ्या वडिलांना सगळं नीट ऐकू येतं. त्यांनी केलेलं मला समजलं नाही, त्यांना न विचारता मी ती पेडलं तुम्हाला पाठवली, आणि चूक उघडी पडल्यावर ती त्यांच्यावर ढकलली. आमच्या दुकानात ज्या माणसाला ऐकू येत नाही, ती मी आहे. तालार.

ते वाचून दाखवलं. बाबांनी या वेळी फासे आपटले नाहीत. हरांत कॉफीचा ट्रे घेऊन पडद्याशी उभा राहिला होता.

“बाबा, हे असंच गेलं तर लोक हसतील मला,” मी म्हणाले. “सगळे वाजवणारे वाचतात ते पान. धंद्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“हसू देत,” बाबा म्हणाले. “ते माझ्यासाठी रडत होते, तेव्हा तुला चाललं.”

मी पाठवलं.